तावाचा रंग : प्रस्तावना

या पुस्तकात रंगांचा तक्ता नाही. पोलादाच्या तावावरचं पुस्तक आणि एकही रंगीत पान नाही, याचं नवल वाटेल, म्हणून कारण आधीच सांगून टाकतो. कागदावरचा रंग म्हणजे बाहेरून पडून परतलेला उजेड. तापलेल्या पोलादाचा रंग म्हणजे त्याचा स्वतःचा उजेड. खोलीतला दिवा मंद केला की तक्त्यावरचा केशरी चौकोन काळवंडतो, आणि भट्टीतली केशरी सळई मात्र जास्तच उजळ दिसू लागते. ज्या दोन गोष्टी एकाच दिव्याखाली उलट वागतात त्या शेजारी धरून जुळवायच्या कशा? हीट ट्रीटमेंट करणाऱ्या दुकानांत असा एखादा तक्ता भिंतीवर असतो, पोलाद विकणाऱ्याने कॅलेंडरासारखा वाटलेला, तेलाच्या धुराने पिवळा पडलेला. तो काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण भट्टीपुढे उभा राहणारा जुना माणूस त्याच्याकडे बघत नाही. तो का बघत नाही आणि मग काय बघतो, हा या पुस्तकाचा विषय आहे.

नवख्या वाचकासाठी थोडं मुळापासून. साधं कार्बनचं पोलाद सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की त्याची आतली रचना बदलू लागते आणि कार्बन लोखंडात विरघळतो. त्या अवस्थेतून ते झटकन पाण्यात किंवा तेलात गार केलं तर कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही, रचना ताणलेलीच राहते आणि पोलाद कानस घसरेल इतकं कडक होतं. ताव कमी पडला तर कितीही चपळाईने बुडवा, काही होत नाही. ताव चढला तर आतले कण वाढतात. मग हत्यार कडक होतं खरं, पण पहिल्याच घावाला धारेचा तुकडा उडतो. योग्य ताव बहुतेक साध्या पोलादांत तीस-चाळीस अंशांच्या पट्ट्यात बसतो. एवढ्या अरुंद पट्ट्यात माणसांनी शेकडो वर्षं फाळ, छिन्न्या, वस्तरे आणि तलवारी घडवल्या, तेही तापमान मोजायचं कुठलंच साधन हाताशी नसताना.

बिबवेवाडीचं नाव कुणी पोलादासाठी घेत नाही. मार्केट यार्डाचा कांदा-बटाटा, अप्परच्या बसची गर्दी, विश्वकर्मा इन्स्टिट्यूटची पोरं, ही या भागाची ओळख. पण सातारा रस्त्याच्या बाजूला पार्वती इंडस्ट्रियल इस्टेट आहे, आणि त्या अंगाच्या गल्ल्यांत डाय, पंच, कटर, गिअर असं काहीबाही बनवणारी लहान दुकानं आहेत. रस्त्याच्या कडेला, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर, घिसाडी, म्हणजे फिरत्या लोहारांची, कुटुंबं पाल ठोकून भाता मांडतात. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुंढव्यात, भारत फोर्जमध्ये सुमारे १२०० अंशांवर तापवलेल्या ठोकळ्यांचे क्रँकशाफ्ट होतात. एकाच शहरात एकाच विद्येचे हे तीन मजले आहेत, आणि एका मजल्यावरचा माणूस दुसऱ्यावर सहसा जात नाही. या पुस्तकातले लेख तिन्हीकडच्या कामावरून लिहिले आहेत. माझा जीव खालच्या, घिसाड्यांच्या मजल्यावर अडकलेला आहे, हे वाचकाच्या लक्षात येईलच.

तिथला कोयता घ्या. पुण्यात कोयता म्हटलं की हल्ली पोलिसांची बातमी आठवते, पण ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणून मोजतात, इतकं हे हत्यार पोटाशी बांधलेलं आहे. त्याचं पोलाद बहुधा ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं. पुरुष सांडशीत धरून पाटा फिरवतो, घण अनेकदा बाईच्या हातात असतो, आणि भात्यावर घरातलंच कुणी पोर. आकार होईपर्यंत पाटा केशरी-पिवळ्या तावात चालतो. लाल उतरला की पुन्हा भट्टीत. पाणी द्यायची वेळ आली की मात्र सगळं मंदावतं. भाता हळू होतो, आणि पाटा उघड्या निखाऱ्यावरून ओढून पालाच्या सावलीत धरून पाहिला जातो. मग फक्त धारेचा भाग पाण्यात, तोही क्षणभर. पाठ तापलेलीच राहते.

पुढचा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. कडक झालेली धार दगडावर किंवा विटेच्या तुकड्यावर घासून चकचकीत करतात आणि थांबतात. पाठीत उरलेला ताव धारेकडे सरकू लागतो, आणि घासलेल्या चकाकीवर रंग चालत येतात: आधी वाळल्या गवताचा पिवळा, मागून तपकिरी, मग जांभळा, मग निळा. हवा तो रंग धारेच्या कडेला टेकला की हत्यार पुन्हा पाण्यात. पिवळ्यावर थांबवलं तर धार जास्त कडक आणि जास्त ठिसूळ. निळ्यावर थांबवलं तर चिवट, पण लवकर बोथट होणारी. लाकूडतोडीची कुऱ्हाड, दगड फोडायची छिन्नी, उसाचा कोयता, प्रत्येकाचं थांबायचं ठिकाण वेगळं. एकाच तावात दोन्ही कामं, आधी कडक करणं (हार्डनिंग) आणि मग चिवट करणं (टेंपर), उरकतात, आणि त्यांत रंगांची दोन अगदी वेगळी कुळं वापरली जातात. नवखा माणूस त्यांची हटकून गल्लत करतो.

पहिलं कूळ उजेडाचं. दिवसाउजेडी सावलीत पोलाद साधारण ५२५ अंशांच्या आसपास काळपट लाल दिसू लागतं. जॉन विल्यम ड्रेपरने १८४७ मध्ये दाखवलं की घन पदार्थ कोणताही असो, दिसू लागण्याचं तापमान जवळपास एकच असतं. त्याआधी १७९२ मध्ये थॉमस वेजवुडलाही हे जाणवलं होतं. गडद अंधारात, डोळा सरावला की, त्याच्याही बऱ्याच खाली एक करडी, बिनरंगाची झाक दिसते. दुसरं कूळ त्वचेचं. २२० ते ३०० अंशांच्या दरम्यान पोलाद स्वतः अजिबात उजळत नाही. चकचकीत पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा चढतो, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका, आणि पाण्यावर सांडलेल्या तेलासारखे रंग उमटतात. हा रंग नुसतं तापमान सांगत नाही, वेळही सांगतो. २२० अंशांवर पोलाद तासन्‌तास ठेवलं तर पिवळ्यावर न थांबता ते पुढे जातं. म्हणून भट्टीतल्या ट्रेमध्ये दोन तास टेंपर केलेल्या जॉबचा रंग पाहून तापमान सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, आणि भात्यावर अर्ध्या मिनिटात तोच रंग पकडणाऱ्यावर ठेवावा.

आता पहिल्या कुळाकडे परत, कारण खरा झगडा तिथेच आहे. आपण ‘रंग’ म्हणतो खरं, पण हार्डनिंगच्या पट्ट्यात डोळा मुख्यतः तेज पाहतो. प्लँकच्या सूत्राने हिशेब केला तर ८२५ अंशांच्या आसपास केवळ १० अंश वाढले की लाल उजेड जवळजवळ एक-पंचमांशाने वाढतो. हा फरक दोन तुकडे शेजारी ठेवले तर कुणालाही दिसेल. तुकडा एकटा असेल, काल पाहिलेल्याशी आज जुळवायचा असेल, काल ढग होते आणि आज ऊन आहे, तर तोच माणूस पन्नास अंशांनी चुकेल. डोळा तुलना उत्तम करतो, पण आकडा किंवा नाव सांगायला कच्चा आहे. माझ्या मते या सगळ्या विद्येची किल्ली एवढीच आहे, आणि तिचा इतिहास पाहिला तर हेच पुन्हा पुन्हा दिसतं.

नावांचा घोळ मोजून दाखवता येतो. फ्रान्समध्ये पूये याने १८३६ मध्ये हवेच्या थर्मामीटरने ताडून रंगांची यादी दिली. तिच्यात ‘चेरी’ लाल ९०० अंशांवर आहे. अमेरिकेत मॉन्सेल व्हाइट आणि फ्रेडरिक टेलर यांनी १८९९च्या डिसेंबरात यांत्रिकी अभियंत्यांच्या सभेपुढे मांडलेल्या यादीत पूर्ण ‘चेरी’ ७४६ अंशांवर येते. फळ एकच, आणि दोघांमध्ये दीडशे अंशांहून जास्त अंतर! एकाच्या चेरीवर दुसऱ्याचं पोलाद जेमतेम कडक होईल, दुसऱ्याच्या चेरीवर पहिल्याचं जळेल. आपल्याकडे तर बेकरीत जी चेरी मिळते ती बहुधा पाकात घालून रंगवलेलं करवंद असते. तिच्यावरून कुणी ताव ठरवणार असेल तर देवच वाली. व्हाइट आणि टेलर यांना हे ठाऊक होतं. ऊन, ढग, दिवसाची वेळ आणि बघणाऱ्याचा डोळा यांनी रंग बदलतो, असं त्यांनी स्वतःच लिहिलं. पुढे तक्ते छापणाऱ्यांनी आकडे घेतले आणि ती सूचना गाळली.

तरीही मी या दोघांना भिंतीवरच्या तक्त्याचे बाप म्हणून हिणवणार नाही. तो तक्ता ज्या कामातून निघाला ते काम मोठं होतं. बेथलेहेम स्टील कंपनीत क्रोमियम-टंगस्टनच्या कटिंग टूलांवर ते प्रयोग करत होते. फिकट चेरीच्या पुढे तापवलेलं टूल वाया गेलं, हे त्या काळच्या प्रत्येक लोहाराला पाठ होतं, आणि ते बरोबरच होतं: सुमारे ८४५ ते ९२५ अंशांच्या पट्ट्यात टूल खरंच बिघडत होतं. पण ९४० च्या पुढे नेलं, वितळायच्या बेताला आणलं, तर ते पहिल्यापेक्षा कितीतरी सरस निघालं. शहाणपणाने आखलेल्या रेषेपलीकडे पाहायला कुणी गेलंच नव्हतं. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात ही टूलं टोक लाल होईपर्यंत पोलाद कापत होती. आज पार्वती इस्टेटमधल्या एखाद्या लेथवर हाय-स्पीड स्टीलचं टूल लागतं त्याची सुरुवात तिथली. लोहाराचा रंगाचा नियम चुकीचा नव्हता. तो फक्त त्याच्या ओळखीच्या पोलादापुरता खरा होता. ओएचएनएस जातीचं पोलाद ८०० अंशांच्या आसपास कडक होतं, एचसीएचसीआर जातीचं १००० च्या पुढे, हाय-स्पीड १२०० च्या आसपास. पोलाद बदललं की बरोबर दिसणारा रंग बदलतो.

हीच गोष्ट शंभर वर्षं आधी उलट बाजूने घडली होती. मुंबईत राहणाऱ्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी वुट्झ पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्सकडे पाठवले आणि जॉर्ज पिअर्सनने १७९५ मध्ये त्यावर रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. नमुने मुंबईहून गेले म्हणून निबंधाच्या शीर्षकात ते ‘मुंबईत बनणारं’ पोलाद ठरलं; मुशी पेटत होत्या त्या तेलंगण, म्हैसूर, सेलमच्या बाजूला. दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेलं हे पोलाद कमी तावातच घणाखाली चालतं. युरोपातला लोहार पांढऱ्या तावाला सरावलेला. त्याच्या हातात त्याचा चुरा होई. दख्खनच्या लोहाराचा डोळा पोलादाबरोबर बोटीत चढलेला नव्हता. आपल्या जुन्या ग्रंथांतही तो फारसा सापडत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तलवारीला पाणी देण्याच्या कृती आहेत, केळीची राख ताकात एक अहोरात्र मुरवायला सांगितली आहे, पण त्या श्लोकांचा सगळा भर द्रवावर आहे.

युरोपात ताव ओळखण्याच्या धडपडीतून तीन घराणी निघाली असं मी मानतो. पहिलं नावांचं, पूयेपासून भिंतीवरच्या तक्त्यापर्यंत. दुसरं उपकरणांचं. ल शातेलिए याने थर्मोकपल कामाचं केलं आणि १८९२ मध्ये प्रकाशावर चालणारा पायरोमीटर दिला. पण मला त्यापुढचं, १९०१ मधलं, होलबोर्न आणि कुर्लबॉम यांचं उपकरण जास्त आवडतं. दुर्बिणीतून तापलेलं पोलाद बघायचं, मध्ये एक दिव्याची तार. तारेतला विद्युतप्रवाह वाढवत जायचा आणि तार पार्श्वभूमीत दिसेनाशी झाली की तिथला आकडा वाचायचा. यात डोळ्याला हद्दपार केलेलं नाही. त्याला जे येतं, म्हणजे दोन उजेड जुळले की नाही हे सांगणं, तेवढंच काम दिलं आहे, आणि नाव ठेवायचं काम काढून घेतलं आहे. हे उपकरण अनेक दशकं पोलाद कारखान्यांत मानाचं राहिलं.

तिसरं घराणं बदल पाहणाऱ्यांचं, आणि त्याच्याबद्दल मराठीत जवळजवळ काहीच लिहिलं गेलेलं नाही. रशियात दिमित्री चेर्नोव्ह सेंट पीटर्सबर्गच्या ओबुखोव्ह कारखान्यात होता. तोफांच्या नळ्या का फुटतात याचा शोध घेताना १८६८ मध्ये त्याने पोलादातले ते बिंदू सांगितले ज्यांच्यावर आज धातुशास्त्र उभं आहे. त्याने ते डोळ्याने पाहिले. ‘गडद चेरी’च्या खालून बुडवलेलं पोलाद कितीही जलद गार केलं तरी कडक होत नाही, असं त्याने नोंदवलं. पुढच्याच वर्षी जॉर्ज गोरला गार होणाऱ्या तारेत काहीतरी विचित्र दिसलं, आणि १८७३ मध्ये बॅरेटने त्याचा छडा लावला: लाल तार मंदावत जाते आणि मध्येच एकदम पुन्हा उजळते. रचना पालटताना आतली उष्णता बाहेर पडते म्हणून. तापताना याच्या उलट होतं. रचना पालटायला उष्णता शोषली जाते, आणि जाड, जास्त कार्बनच्या तुकड्यात अंधारात पाहिलं तर एक सावली आत सरकत जाताना दिसते. ती गेली की पोलाद तयार. इथे रंगाला नाव लागत नाही, तक्ता लागत नाही, शेजारी दुसरा तुकडाही लागत नाही; पोलादाची तुलना त्याच्याच मघाच्या अवस्थेशी. शिवाय लोहचुंबक: पोलाद ७७० अंशांवर, किंवा जास्त कार्बनचं असेल तर रचना पालटतानाच, चुंबकाला चिकटेनासं होतं. जुन्या स्पीकरमधलं चुंबक तारेला बांधून भट्टीशेजारी टांगायला काही खर्च येत नाही.

पालाची सावली, जुन्या हीट ट्रीटमेंट दुकानांतली न रंगवलेली काळी भिंत, भट्टीचं तोंड दाराकडे न ठेवण्याची रीत, याकडे मी याच नजरेने पाहतो. जपानी तलवारकार पाणी देताना खोली अंधारी करतात. कौशल्य फक्त डोळ्यात नसतं, ते जागेच्या मांडणीत साठवलेलं असतं. एका दुकानाने खर्च करून छतावर पारदर्शक पत्रे आणि झगझगीत एलईडी बसवले आणि पुढचे काही महिने माल जास्त तापवून बिघडवला, हे मी पाहिलं आहे. माणसं तीच होती. उजेड वाढला, पोलाद मंद दिसू लागलं, आणि सगळे जण ते ‘बरोबर’ दिसेपर्यंत तापवत राहिले.

मग आज, डिजिटल पॅनेलच्या काळात, हे सगळं कशाला? तीन कारणं देतो, एकसारख्या वजनाची नाहीत. पहिलं, स्वस्त इन्फ्रारेड गन आता प्रत्येकाच्या खिशात आहे आणि तिचा आकडा पवित्र मानला जातो. पृष्ठभाग किती उजेड सोडतो याचा आकडा तिला आधी सांगावा लागतो. खवले चढलेल्या आणि घासलेल्या पोलादाचा तो वेगळा, मध्ये धूर आला तर आणखी वेगळा. दुसरं, भट्टीतलं थर्मोकपल म्हातारं होतं. क्रोमेल-अल्युमेलची जोडी उच्च तापमानात वापरून वापरून सरकते, आणि पॅनेल ८२० दाखवत राहतं. “आज भट्टी जास्त फिकी दिसतेय,” असं म्हणणारा माणूस त्या क्षणी दुकानातलं एकमेव स्वतंत्र मोजमाप असतो. तिसरं मला सगळ्यात जास्त टोचतं: हौशी पोरं मोबाइलवर व्हिडिओ पाहून चाकू घडवायला शिकतायत. मोबाइलचा कॅमेरा उजेड आणि रंग स्वतःच्या मर्जीने जुळवतो. लाल पोलाद त्यात केशरी किंवा पांढुरकं दिसतं. पडद्यावरच्या रंगाशी आपला ताव जुळवू गेलेला पोरगा पाटा जाळूनच थांबतो. छापील तक्त्याची जुनी चूक आता हलत्या चित्रात पसरते आहे.

डोळ्याचं स्तोम माजवायचा मात्र इथे हेतू नाही. ११०० अंशांच्या पुढे डोळा दिपतो आणि त्याची तुलनेची ताकद घटते. अॅल्युमिनिअमपुढे तो निरुपयोगी आहे. ते ६६० अंशांवर वितळतं आणि दिवसाउजेडी लाल होतच नाही. विमानाचा किंवा ब्रेकचा सुटा भाग कुणी रंगावर कडक करत असेल तर त्याला थांबवावं. कामगारांच्या पिढ्यांचं ज्ञान म्हणून ते आपोआप खरं ठरत नाही. त्यातलं काही नुसती सवय असतं, काही चूक असतं, आणि हे वेगळं करायला कडकपणा मोजणारं रॉकवेलचं यंत्र लागतंच. या पुस्तकातल्या लेखांत जिथे लोहाराचं म्हणणं आणि मोजमाप जुळलं नाही तिथे दोन्ही दिली आहेत.

पुस्तक काय करू पाहतं, ते थोडक्यात. ते हीट ट्रीटमेंटचं पाठ्यपुस्तक नाही, आणि लोहारकीवरचं स्मरणरंजनही नाही. पाहणं शिकवता येतं का, हा त्याचा प्रश्न आहे. म्हणून यात रंगांच्या वर्णनापेक्षा पाहण्याच्या परिस्थितीवर जास्त पानं गेली आहेत: दिवा कुठे, पाठ कुणीकडे, तुकडा केवढा, निखारे उघडे की झाकलेले, लोणारी कोळसा की दगडी. रंगांची नावं जी ज्याने वापरली ती तशीच ठेवली आहेत, एकसारखी केलेली नाहीत. प्रत्येक नावाबरोबर तो माणूस, ते पोलाद आणि ती जागा दिली आहे. जे विद्यार्थी फोर्जिंगचा आयटीआय किंवा धातुशास्त्राची पदवी करतात त्यांना मधले शास्त्राचे लेख आधी वाचावेसे वाटतील. त्यांनी कोयत्यावरचा लेख आधी वाचावा. ज्यांच्याकडे भट्टी आहे त्यांनी सावलीवरचा लेख वाचून त्याच संध्याकाळी दिवे मालवून एक जुनी कानस तापवून पाहावी. ती जास्त कार्बनची असते, सावली तिच्यात स्पष्ट दिसते.

एक सूचना डोळ्यांसाठी. भट्टीकडे वर्षानुवर्षं उघड्या डोळ्यांनी बघणाऱ्यांना मोतीबिंदू लवकर होतो. काच आणि पोलाद कारखान्यांत हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. साधा काळा चष्मा पुरत नाही, इन्फ्रारेड अडवणारी काच हवी. तिच्यातून रंग वेगळा दिसतो, म्हणून शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून तोच चष्मा लावून नजर बसवावी, आणि चष्मा बदलला तर ओळखीच्या पोलादाचे तुकडे पुन्हा पाणी देऊन, मोडून, कण तपासून सुरुवात करावी.

बिबवेवाडी, पुणे